तांदूळ वाढले

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या गंगूकाकीच्या घरात कधीच काही संपलं नाही. मीठ वाढायचं, तेल वाढायचं, चहाची पत्ती वाढायची. डब्याचा तळ दिसू लागला की ती झाकण घट्ट लावून डबा पुन्हा फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "साखर वाढली गं बाई, आनाया पायजे." शेजारच्या खोलीतलं एखादं पोर धावत येऊन "काकी, आमचं पीठ संपलं, वाटीभर द्या" असं म्हणालं, तर वाटी भरायच्या आधी ती त्याला दटावायची.

"संपलं म्हनू नये. घरातली लक्ष्मी ऐकत असती. काय म्हनावं?"

"वाढलं."

"हां. आता धर वाटी."

तिची आई असंच बोलायची, आईची आई असंच बोलायची. माण तालुक्यातल्या ज्या गावातून ती आली, तिथं पाऊस कमी आणि दगड फार. डबे तिथं रोजच रिकामे व्हायचे. म्हणूनच असेल, रिकामं हा शब्द तिथल्या बायांनी घरात येऊच दिला नाही. धोंडिबा, तिचा नवरा, पंधरा वर्षांपूर्वी गेला तेव्हा बायांनी तिच्या बांगड्यासुद्धा फोडल्या नाहीत, वाढवल्या. काच अंगणात पडली होती आणि बाया म्हणत होत्या, बांगड्या वाढवल्या. गंगूकाकीने ते ऐकलं, मान हलवली, आणि तेराव्या दिवसानंतर टोपली घेऊन आमच्या पालेगावच्या मळ्यात उभी राहिली.

तिथून माझी तिची ओळख. तेव्हा पालेगावात अजून मेथी, मुळा, माठ होत होता. आता त्यातल्या बऱ्याच वाफ्यांवर सात-सात मजले उभे आहेत, पण तेव्हा आमच्या माठाला अंबरनाथच्या बाजारात मान होता आणि तो ओळखणाऱ्या बाया थोड्या होत्या. गंगूकाकी ओळखायची. पान चुरडून वास घ्यायची. टोपली पुढे करायची. भाव करताना मात्र सासरच्या माणसाशी बोलावं तसं आडून बोलायची. तिच्या तोंडून मी पंधरा वर्षांत एक वाईट शब्द ऐकला नाही. माझा बैल मेला तेव्हासुद्धा ती "मेला" म्हणाली नाही. "बैल थांबला म्हनं तुमचा," एवढंच म्हणाली आणि टोपली तशीच ठेवून माझ्या बायकोजवळ जाऊन बसली.

मूलबाळ तिला नव्हतं. धोंडिबा एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत भट्टीवर होता. तो गेल्यावर कंपनीने तिला काही दिलं असेल-नसेल, ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण कंपनीच्या गेटवरचा हरिचंद्र सुपरवायझर, मूळचा दापोलीकडचा, तिला अजून वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी.

टाळेबंदीच्या चार वर्षं आधी तिच्या शेजारच्या खोलीत नाथा घोलप आणि त्याची बायको अंजनी राहायला आली. ओतूरच्या अलीकडच्या एका गावची माणसं. नाथा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचा आणि घड्या घालायचा; त्याची बोटं कायम निळी असायची. अंजनी दहावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, अंगाने काडी. आल्यापासून दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. दुसऱ्या वेळी रक्ताने भरलेलं लुगडं गंगूकाकीने धुतलं. धुताना तिने मनाशी काय ठरवलं ते मला तिने पुढे कधीतरी विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं: तिसऱ्या वेळी ह्या पोरीला मी हलू देणार नाही. इथंच, माझ्या डोळ्यांसमोर हिचं बाळंतपण होईल, आणि मूल आधी माझ्या हातात येईल.

तिसऱ्या वेळचा आठवा महिना लागला तो टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये.

त्या वर्षी माझी मेथी वाफ्यातच फुलावर आली. न्यायला कुणी नव्हतं. बुवापाड्याच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते. नाथाचा कारखाना बंद पडला. त्याच्या सिंधी शेठने पहिले पंधरा दिवस माणसांना घरी बोलावून पीठ-साखर दिली. मग शेठच्याच गल्लीला पत्रे लागले. रेशनच्या दुकानात नाथाला काही मिळेना, कारण त्याचं कार्ड गावाकडे, आईच्या नावावर. त्या ओळीतल्या बऱ्याच खोल्यांचं तसंच होतं. कार्ड एका जागी आणि पोट एका जागी.

अशात एक दिवस हरिचंद्र स्कूटरवरून आला. बांबूपलीकडे उभा राहून, तोंडावरचा रुमाल सारखा करत म्हणाला, "वहिनी, कंपनी धान्य वाटणार आहे. किट म्हणतात त्याला. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साबण, सगळं एका पिशवीत. वस्तीतली खरी गरजू घरं कोणती, ते मला तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"किती घरं?"

"तुमच्या ओळीतली सगळी लिहा. वरून एक फोन येईल, खात्री करायला. तो तुम्हीच घ्यायचा. बाकीच्यांच्या फोनमध्ये कुठं बॅलन्स आहे?"

गंगूकाकीला लिहिता येत नव्हतं. अंजनी उंबऱ्यात पाय पसरून बसली, पोटावर पाटी ठेवावी तशी वही ठेवली आणि लिहू लागली. एकतीस खोल्या. पहिलं नाव गंगूकाकीचं. ते अंजनीने आपणहून वर घातलं. सातवं नाव तिने लिहिलं, नाथा घोलप, आणि खाली रेघ मारली.

"रेघ कशाला गं?"

"तुमच्या लक्षात राहावं म्हणून."

"मला काय वाचता येतंय, येडे?" दोघी हसल्या. त्या दिवसांत वस्तीत हसू फारसं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे समोरच्या खोलीतली संजीवनी बाहेर डोकावून बघून गेली.

रविवारी सदूचा टेम्पो आला. सदू नाथाच्या गावचा. ओतूरहून भाजी भरून तो यायचा आणि मोकळा परत जायचा. पोलिसांचा पास त्याच्याकडे होता. तो म्हणाला, "नाथा, चल. वहिनीला पुढं माझ्याशेजारी बसवू, तू मागं ताडपत्रीखाली. दुपारपर्यंत आईच्या हातचं खाशील."

नाथाने गाठोडं बांधायला घेतलं. गंगूकाकी दारात आडवी उभी राहिली.

"आठव्या महिन्याची बाई घाटातनं नेतोस? माळशेजची वळनं हायेत ती. दोनदा काय झालं इसरलास?"

"काकी, इथं खायाचं काय पण?"

"बेस्तरवारी कंपनीचं धान्य येतंय. तुझं नाव मी घातलंय. माझ्या शबुदावर टेम्पो येनार हाय नाथा, महिन्याचं धान्य. इथं सरकारी दवाखाना जवळ हाय, मी हाय. बाळंत होऊ दे, मंग खुशाल जा."

नाथाने अंजनीकडे बघितलं. अंजनी जमिनीकडे बघत होती. सदूने हॉर्न वाजवला.

"काकी, तुमच्या भरवशावर थांबतो," नाथा म्हणाला आणि गाठोडं सोडलं.

मंगळवारी दुपारी फोन आला. गंगूकाकी तेव्हा नाथाच्याच खोलीत होती. त्या घरातला शेवटचा तांदूळ आदल्या संध्याकाळी शिजला होता, आणि ती आपल्याकडची दोन मुठी डाळ घेऊन आली होती. तिने फोन कानाला लावला आणि पदर डोक्यावर घेतला.

"नमस्कार, मी राजसी बोलते, कंपनीकडून. गंगूबाई का?"

"व्हय. बोला ताई."

"मावशी, यादीतल्या घरांची खात्री करायची आहे. किट थोडे कमी पडतायत, म्हणून. मी नाव घेते, तुम्ही सांगा, घरात धान्य आहे का. तांदूळ, पीठ, डाळ, तेल. चालेल? मला आज अजून चार वस्त्या करायच्यात हो."

"घ्या नाव."

"पहिलं तुमचंच."

गंगूकाकीला खोटं बोलता येत नव्हतं. "तांदूळ दोन दिसांचं हायेत. डाळ मूठभर."

"म्हणजे कमी. ओके. पुढचं, संजीवनी..."

"तिच्याकडं पीठ हाय, आठवडा जाईल. डाळ न्हाई."

"कमी. पुढचं."

असं करत सातवं नाव आलं. "नाथा घोलप."

गंगूकाकीने समोर बघितलं. अंजनी भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर, आणि तिच्याकडेच बघत होती. तिच्यासमोर, त्या पोटासमोर, घरात काही नाही असं म्हणायला काकीची जीभ रेटेना. ती सवयीने नाही, फार जपून बोलली. एकेक शब्द देवापुढे ठेवावा तसा.

"नाथाकडं तांदूळ वाढले."

"वाढले?"

"व्हय. पीठबी वाढलं. त्याल तर मागल्या आठवड्यातच वाढलं."

"अच्छा. सगळंच वाढलंय?"

"सगळंच, ताई."

"अरे वा. मग त्यांचं ठीक आहे. पुढचं?"

फोन ठेवल्यावर काकीने पदर खांद्यावर घेतला. "झालं गं अंजे. 'त्यांचं ठीक हाय' म्हनाली तुझ्या नावाला. लई गोड बोलती पोरगी, आपल्यातलीच असनार."

अंजनीने डोळे मिटून घेतले. बरेच दिवसांनी तिला दुपारी झोप लागली.

त्या दिवशी एकतीस घरांतल्या बारा घरांबद्दल गंगूकाकी म्हणाली होती, वाढलं. ती बारा घरं सगळ्यात रिकामी होती.

गुरुवारी टेम्पो आला. पुढे कंपनीचा फलक, मागे दोन माणसं हातमोजे घातलेली आणि एक फोटोवाला. जमिनीवर चुन्याची वर्तुळं काढली. एकतीस वर्तुळांत एकतीस घरांची माणसं उभी राहिली. नाथा सातव्यात. हरिचंद्रने कागद उघडला आणि पहिलं नाव वाचलं, "गंगूबाई!"

"पहिला फोटो मावशींचा," फोटोवाला म्हणाला. "पिशवी जरा वर धरा. नाव दिसू दे कंपनीचं. हां. मास्कमधनं हसा थोडं."

"मास्कमधनं कसं हसू?"

"डोळ्यांनी हसा."

लोक हसले. गंगूकाकी डोळ्यांनी हसली. मग नावं पुढे सरकली. संजीवनी गेली, तिच्यापुढची गेली. सहावं झालं आणि हरिचंद्रने आठवं वाचलं. नाथा वर्तुळातून एक पाऊल पुढे आला आणि परत मागे गेला. वाचताना चुकला असेल, शेवटी घेईल. शेवट आला. एकोणीस पिशव्या गेल्या आणि टेम्पोचा मागचा फाळका बंद झाला.

"भावजी, नाथाचं ऱ्हायलं," काकी म्हणाली.

हरिचंद्रने कागद खालीवर बघितला. "यात नाही वहिनी."

"मी सांगितलंय फोनवर."

"यादी वरून आली आहे. माझ्या हातात वाचण्यापुरतीच. मी उद्या विचारतो साहेबांना."

टेम्पो गेला. बारा माणसं वर्तुळांत तशीच उभी होती. कुणीतरी मागून बोललं, "यादी कुनी केली मग?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "आपलं पयलं. फोटोसकट!"

गंगूकाकीने पिशवी उचलली, नाथाच्या खोलीत गेली आणि अंजनीपुढे ठेवली. नाथा मागून आला. त्याने पिशवी उचलून काकीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

"नाथा, लेकरा, हे अंजीसाठी हाय."

"फोटो तुमचा काढलाय काकी. तांदूळ पण तुमचेच."

"आरं, मी नाव दिलतं. ही बसली होती की समोर, विचार तिला!"

"दिलं ना? मग गेलं कुठं? हवेत उडालं? सदूचा टेम्पो मी तुमच्या शबुदावर सोडला. आता मार्केटच बंद केलं, सदू येत नाय. माझी बायको काय खाईल, तुमचा शबुद?" मग त्याने एक शिवी दिली. ती काकीने मला सांगितली नाही. ती शिवी देताना त्याचा आवाज रडल्यासारखा झाला होता, एवढंच सांगितलं.

काकीने त्या पिशवीतलं धान्य संध्याकाळपर्यंत बारा घरांत वाटून टाकलं. नाथाच्या घरचा वाटा अंजनीने घेतला आणि नाथा बाहेर गेल्यावर शिजवला. शुक्रवारी काकी चालत एमआयडीसीत गेली. ऑफिसात माणूस नव्हता. हरिचंद्र म्हणाला, "उद्या सकाळी कागद काढून ठेवतो."

शनिवारी उजाडता उजाडता शेजारची कडी वाजली. काकी बाहेर आली तर नाथा बांबूपाशी पोहोचला होता, डोक्यावर गाठोडं. अंजनी मागे राहिली होती.

"अंजे, ऱ्हा गं. आज कागद बघनार हाय मी. एक दिस."

"त्यांचं डोकं फिरलंय काकी. मी नाही म्हटलं तर एकटे चालत निघतील." ती वाकू शकत नव्हती, म्हणून तिने काकीचा हात धरून कपाळाला लावला. "मुरबाडपर्यंत चालायचं. पुढं काहीतरी मिळेल म्हणतात."

काकीने शेंगदाण्यांची पुरचुंडी आणि दोन भाकरी तिच्या पदरात घातल्या. अंजनीने त्या नाथाला दिसू नयेत म्हणून पोटाच्या बाजूला धरल्या आणि बदलापूरच्या दिशेने, एक हात कमरेवर ठेवून, हळू चालत गेली. वैशाखाचं ऊन अजून वर यायचं होतं.

सकाळी गेटवर हरिचंद्रने कागद काढला. सातव्या नावापाशी बोट ठेवून त्याने वाचलं, "धान्यात वाढ झाली आहे. तूर्त मदतीची गरज नाही."

"असं कोन म्हनालं?"

"खाली माहिती देणाऱ्याचं नाव आहे वहिनी. तुमचंच."

गंगूकाकीने न वाचता येणाऱ्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी वाढलं म्हनले. वाढलं, भावजी! वाढलं म्हंजी..." तो शब्द तिच्याच्याने अजून उच्चारवेना. तिने हाताचा तळवा पालथा करून दाखवला.

हरिचंद्रला लगेच कळलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. दापोलीला त्याची आईही तसंच म्हणायची. त्याने तिथूनच राजसीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून सांगितलं.

"मावशी," ती मुलगी मग म्हणाली, "मी मराठीच आहे हो. पुण्याची. म्हणून तर मला हे फोन दिले. पण आमच्याकडे असं... मला खरंच वाटलं की वाढले. मी तर बरं वाटून घेतलं." मग ती रडू लागली.

"रडू नगा ताई," गंगूकाकी म्हणाली. "तेवढा एक माणूस पाठवा मुरबाडच्या रस्त्याला. निळ्या साडीतली बाई हाय, पोटुशी. नवऱ्याचं नाव नाथा."

माणूस पाठवणं राजसीच्या हातात नव्हतं. हरिचंद्र ड्यूटी सोडून स्कूटरवर गेला. बदलापूर ओलांडून पोलिसांनी त्याला अडवलं आणि परत फिरवलं. नाथाचा फोन लागत नव्हता. चार्ज करायला त्याला वाटेत कोण देणार होतं? सोमवारी बारा पिशव्या आल्या. या वेळी फोटोवाला नव्हता. एका पिशवीवर लिहिलं होतं, नाथा घोलप. काकीने ती उघडली आणि मागच्या ओळीतल्या, यादीत नाव नसलेल्या एका म्हाताऱ्याला दिली. अन्न अडवून ठेवायचं नसतं, हेही तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं.

नवव्या दिवशी नाथाचा फोन आला.

"काकी, मुलगी झाली होती."

तो "झाली" म्हणाला नाही. "झाली होती" म्हणाला. काकी फोन धरून उभी राहिली. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. बुवापाड्याचे बांबू निघाले. वस्तीतल्या लोकांना फोनची हकीकत हरिचंद्रने सांगितली होती, त्यामुळे तिला कुणी टोचून बोलत नव्हतं. उलट जास्तच सांभाळून बोलत होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं. ती माझ्या मळ्यात येऊन बसायची, भाजी न घेता. मला तेव्हाच सारं कळलं.

एक दिवस हरिचंद्र कंपनीचं एक गुळगुळीत कागदांचं पुस्तक घेऊन आला. वर्षभर केलेल्या मदतीचं. त्यात पानभर गंगूकाकी होती, पिशवी वर धरलेली. खाली लिहिलं होतं, लाभार्थीच्या चेहऱ्यावरचं समाधान.

"मास्क हाय की तोंडाला," काकी म्हणाली. "समाधान कुठनं दिसलं ह्यास्नी?" आणि मग विचारलं, "किती घरांना दिलं म्हनून लिवलंय?"

हरिचंद्रने आकडा वाचला.

"त्यात नाथाचं घर मोजलंय?"

"मोजलं असणार वहिनी. पिशवी त्याच्या नावाने गेली ना."

काकीने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणहून तिने एसटी धरली.

नाथाचं घर गावाच्या टोकाला, कांद्याच्या चाळीला लागून. नाथा अंगणात कुदळीला दांडा बसवत होता. काकीला बघून तो उठला आणि आत न जाता घरामागे गेला. त्याच्या आईने, अंजनीच्या सासूने, पाणी दिलं. अंजनी चुलीपाशी होती. ती आणखी काडी झाली होती. काकीने पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगितलं. फोन, राजसी, सातवं नाव, तो शब्द, तो कागद. सांगताना ती अंजनीकडे बघत नव्हती, तांब्याकडे बघत होती.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग काय म्हणायचं व्हतं? संपलं म्हणायचं व्हतं? पोटुशी सून म्होरं बसली असताना? मी असते तरी वाढलंच म्हणले असते."

"तुमी म्हनला असता आत्याबाई. पर म्हनले मी."

अंजनी उठून आली आणि काकीजवळ बसली. "मी ऐकत होते ना काकी. तुम्ही वाढलं म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, किती जपतात." तिचा आवाज शांत होता. "मलाही नाही कळलं. मी तर दहावी शिकलेली."

काकीला रडू आलं नाही. अंजनीलाही नाही. ते सात-आठ महिन्यांपूर्वीच वाहून गेलं होतं.

"ऱ्हायला येनार का गं परत?" जाताना काकीने विचारलं.

"नाही काकी. तो रस्ता पुन्हा नाही जमायचा मला."

फाट्यापर्यंत पोचवायला नाथा आला. पूर्ण वाटभर तो चार पावलं पुढे चालत होता. एसटी दिसू लागल्यावर म्हणाला, "मी शिवी दिली होती."

"दिली असशील. मला आठवत न्हाई."

"मोरीपाशी ठेवलीय तिला," तो एकदम म्हणाला. "टोकावड्याच्या अलीकडं. रस्त्याखालची मोरी हाय, वर करंजाचं झाड. दीड तास होती. हात हलवत होती. तिथल्या एका बाईनं लुगड्याचा तुकडा दिला." त्याने तिची पिशवी एसटीत ठेवली. "तुम्हाला दिसेल. डाव्या अंगाला."

गंगूकाकी डाव्या खिडकीत बसली. घाट उतरला, टोकावडं आलं, गेलं. तिला वाटलं होतं, एक मोरी असेल आणि एक करंज. पण त्या रस्त्याला दर अर्ध्या मैलावर मोरी आहे, आणि डिसेंबरात करंज सगळीकडे सारखेच हिरवेगार. नाथा गावाकडून म्हणाला की मुंबईकडून, अलीकडं म्हणजे कुठलं अलीकडं, तेही तिने विचारलं नव्हतं. ती उठून कंडक्टरकडे गेली आणि विचारायला तोंड उघडलं, पण काय विचारायचं ते तिला सुचेना. परत येऊन बसली.

पहिली मोरी आली तेव्हा तिने हात जोडले. मग दुसरी आली. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठला देव हो इथं?" मुरबाड येईपर्यंत जिथं जिथं मोरी दिसली तिथं तिथं, झाड असो वा नसो, ती हात जोडत राहिली.